इंग्रजीतील ‘चुका’ आणि शुद्धतेचा दर्प

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आणि लिहिणाऱ्यांच्या चुकांची यादी करून तिच्यावर संताप व्यक्त करणे हा फार जुना उद्योग आहे, आणि अलीकडे मराठी वाचकांसमोरही तो मोठ्या आवेशाने चालू झाला आहे. त्यातील पूर्वपक्ष थोडक्यात असा: पूर्वी भाषेचे नियम सर्वांना ठाऊक होते आणि सर्व जण ते पाळत होते, पुढे शाळा ढिल्या पडल्या, माणसे आळसावली, आणि मग ‘आस्क’ला ‘आक्स’ म्हणणारे, ‘फ्यूअर’च्या जागी ‘लेस’ घालणारे, एका व्यक्तीसाठी ‘दे’ हे अनेकवचनी सर्वनाम योजणारे, एका वाक्यात दोन नकार कोंबणारे लोक बोकाळले. उच्चार ढासळला की विचार ढासळतो, असा या पक्षाचा सिद्धान्त आहे. ज्या सुवर्णकाळी सगळे इंग्रज शुद्ध बोलत होते तो काळ नेमका कोणता, याचा उल्लेख मात्र या पक्षाच्या एकाही प्रतिपादनात आढळत नाही, आणि तो आढळणे शक्यही नाही.

‘आक्स’ हा उच्चार या यादीतला सर्वांत बदनाम आरोपी असल्यामुळे त्याची चौकशी सविस्तर होणे आवश्यक आहे. प्राचीन इंग्रजीत, म्हणजे सुमारे अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, या क्रियापदाची दोन रूपे शेजारी शेजारी नांदत होती; एकात ‘स’ आधी येई, दुसऱ्यात ‘क’. शब्दातील वर्णांनी अशी आपसांत जागा बदलण्याला भाषाशास्त्रात वर्णविपर्यय म्हणतात, आणि ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ करणारा मराठी माणूस तेच करत असतो. चौदाव्या शतकात कवी चॉसरच्या लेखनात ‘आक्स’चे रूप आढळते. १५३५ साली माइल्स कव्हरडेलचे बायबल निघाले, जे छापलेले पहिले संपूर्ण इंग्रजी बायबल होय, आणि त्यातील मागणाऱ्याला मिळेल असे आश्वासन देणाऱ्या सुप्रसिद्ध वचनातही हेच रूप आहे. इंग्लंडात मुद्रणकला आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने १४९० साली एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितलेली हकिकत तर या वादात मुद्दाम वाचावी अशी आहे. नेदरलंड्समधील झीलंडकडे निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे टेम्सच्या मुखाजवळ अडकले. त्यांतील एकाने किनाऱ्यावरच्या घरी जाऊन तेथील बाईकडे अंडी मागितली, तेव्हा तिने आपल्याला फ्रेंच येत नसल्याचे सांगितले, आणि तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. त्याने अंड्यांसाठी वापरलेला शब्द उत्तरेकडचा होता, बाईचा शब्द दक्षिणेकडचा होता, आणि दुसऱ्या कोणी दक्षिणेकडचा शब्द उच्चारला तेव्हा कोठे तिला उलगडा झाला. या हकिकतीत ‘मागितली’ या अर्थी कॅक्स्टनने जे क्रियापद छापले आहे ते ‘आक्स’चेच भूतकाळी रूप आहे, आणि त्या रूपाने कोणाचाही घोटाळा झाल्याचे तो सांगत नाही, घोटाळा झाला तो अंड्यांमुळे.

पुढे लंडनच्या शिष्ट लेखनात ‘आस्क’ स्थिरावले, आणि दुसरे रूप इंग्लंडातील काही बोलींत, कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत टिकून राहिले. म्हणजे ज्याला आजचा बिघाड म्हटले जाते ते रूप हजार वर्षांचे आहे, आणि त्याला आळस म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या तोंडातील ‘बर्ड’ आणि ‘थर्ड’ या शब्दांचा हिशेब द्यावा, कारण त्यांची जुनी रूपे ‘ब्रिड’ आणि ‘थ्रिड’ अशी होती व त्यांतील ‘र’ आणि स्वर यांनी याच वर्णविपर्ययाने जागा बदलल्या. ‘बर्ड’ ऐकून कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही आणि ‘आक्स’ ऐकून पडते, यावरून ही आठी वर्णांच्या क्रमामुळे पडत नसून बोलणाऱ्याच्या वस्तीमुळे आणि वर्णामुळे पडते हे स्पष्ट होते. या आठीचे परिणाम कागदोपत्री नोंदलेले आहेत. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात भाड्याच्या घरांसाठी एकाच व्यक्तीने वेगवेगळ्या बोलींच्या ढंगात दूरध्वनी केले असता, गोऱ्यांची वस्ती जितकी अधिक तितकी कृष्णवर्णीयांच्या ढंगातील विचारणा अधिक वेळा फेटाळली गेली, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पर्नेल, इड्सार्डी आणि बॉ यांच्या संशोधनात दिसून आले. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची बोली ओळखायला ‘हॅलो’ हा एक शब्द पुरेसा होता, असेही त्यांनी दाखवून दिले. घर नाकारण्यापर्यंत मजल जाणाऱ्या या वृत्तीला भाषेवरील प्रेम म्हणणे हा त्या प्रेमाचा अपमान आहे.

‘र’ची कथा याहूनही बोलकी आहे. स्वरानंतर येणारा ‘र’ गाळणे, म्हणजे ‘कार’ऐवजी ‘काऽ’ म्हणणे, ही लंडनच्या उच्चभ्रू उच्चाराची खूण मानली जाते आणि आपल्याकडील इंग्रजी शाळांतून ती पुष्कळ काळ आदर्श म्हणून गिरवली गेली. न्यूयॉर्कमध्ये नेमके उलटे घडले. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली तेथील तीन मोठ्या दुकानांत जाऊन, ज्या वस्तूचा विभाग चौथ्या मजल्यावर असेल तिच्याविषयी विक्रेत्यांना विचारले, जेणेकरून उत्तरात ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द यावेत, आणि मग ऐकू न आल्याचा बहाणा करून तेच पुन्हा म्हणायला लावले. दुकान जितके महाग तितका ‘र’ अधिक वेळा उच्चारला गेला आणि स्वस्त दुकानात तो सर्वांत जास्त गळाला. एका महानगरात जो उच्चार कुलीन तोच दुसऱ्यात हीन ठरत असेल, तर कुलीनता त्या ध्वनीत वसत नाही, हे मान्य करण्यावाचून पूर्वपक्षाला गत्यंतर नाही.

एकवचनी ‘दे’विषयीचा आक्षेप इतिहासाच्या अज्ञानावर उभा आहे. हा प्रयोग चौदाव्या शतकापासून लेखनात आढळतो आणि शेक्सपिअर व जेन ऑस्टिन या दोघांनीही तो केलेला आहे. त्याहून उद्बोधक कथा ‘यू’ची आहे, कारण ते मुळात अनेकवचनी सर्वनाम, आणि एका व्यक्तीला उद्देशून ते वापरणे इतके चीड आणणारे वाटे की १६६० साली क्वेकर पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स याने सहकाऱ्यांसह एक जाडजूड पुस्तक काढून, असे बोलणारे अडाणी आणि मूर्ख आहेत, असे अनेक भाषांचे दाखले देऊन प्रतिपादले. आज त्याच ‘यू’ने शुद्धतावादी एकमेकांना शुद्धतेचे धडे देतात. मराठी माणसाने तरी या आक्षेपाला मान डोलवू नये. वडील घरी आले की ‘ते आले’ म्हणणाऱ्या भाषेत एका व्यक्तीसाठी अनेकवचन येणे हा व्याकरणाचा अपघात नाही, आदर आहे.

उरलेल्या आक्षेपांना फार जागा देण्याचे कारण नाही. वाक्य शब्दयोगी अव्ययावर, म्हणजे ‘विथ’, ‘टू’, ‘फ्रॉम’ अशा नामाशी संबंध जोडणाऱ्या शब्दावर संपवू नये, हा दंडक कवी ड्रायडनने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या चुका काढताना पुढे केला आणि मग स्वतःच्या जुन्या लेखनातली तशी वाक्ये बदलण्याची वेळ त्याच्यावर आली. ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांतील भेद १७७० साली रॉबर्ट बेकर या लेखकाने केवळ स्वतःची आवड म्हणून सुचवला होता. दोन नकारांचा होकार होतो, हे बीजगणिताच्या वर्गात खरे आहे. चॉसरने आपल्या सरदाराच्या सभ्यतेचे वर्णन करताना एकाच वाक्यात चार नकार घातले, म्हणून त्या सरदाराला असभ्य समजणारा वाचक अद्याप जन्माला यायचा आहे.

हा सगळा आवेश मराठीला अपरिचित नाही. ज्या अनुस्वारांचा उच्चारच होत नव्हता ते १९६२च्या लेखननियमांनी काढून टाकले, तेव्हा भाषेचा कणा मोडला असा आक्रोश झाला होता, आणि आज ते अनुस्वार देणारा मनुष्य जुन्या वळणाचा म्हणून ओळखला जातो. ‘न’ आणि ‘ण’ यांचा वाद अजून शमलेला नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात उभे करून हसणारे शिक्षक आणि त्या हसण्याला संस्कार म्हणणारे विद्वान महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. त्या हसण्यामुळे किती मुलांनी वर्गात तोंड उघडणे सोडून दिले, याचा विचार मात्र त्या वादात कोणी केला नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातून शहरात आलेला तरुण इंग्रजी बोलताना अडखळतो तो शब्द न सुचल्यामुळे कमी आणि कोण हसेल या धास्तीमुळे अधिक, आणि इंग्रजी चुकांच्या ज्या याद्या आता मराठीत अवतरू लागल्या आहेत त्या या धास्तीत भर घालण्यापलीकडे काहीही साधत नाहीत.

मग चूक असे काही नसतेच काय, असा प्रश्न पूर्वपक्ष विचारील. चूक असते, ऐकणाऱ्यापर्यंत अर्थ पोहोचला की नाही, ही तिची कसोटी आहे. परीक्षेसाठी, अर्जासाठी, कचेरीतील पत्रव्यवहारासाठी प्रमाण इंग्रजी शिकवलेच पाहिजे, पण ते एक उपयुक्त संकेत म्हणून शिकवावे, चारित्र्याचा दाखला म्हणून नव्हे. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, निरनिराळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा समज कोठे अडते याची छाननी केली आहे. ‘थिंक’मधील जीभ दातांना टेकवून काढायचा ध्वनी, ज्याच्यासाठी विद्यार्थ्यांना आरशासमोर बसवले जाते, तो नसला तरी फारसे अडत नाही, पण स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व, वाक्यातील मुख्य आघात आणि शब्दारंभीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ यांच्यामागील हवेचा झोत चुकला तर अडते. मराठी विद्यार्थ्याला हे विशेष लागू पडते, कारण त्याचा झोत नसलेला ‘पॅक’ इंग्रजाच्या कानाला ‘बॅक’ ऐकू येऊ शकतो, आणि ‘शिप’ व ‘शीप’ यांतील अंतर मराठी बोलण्यात ऱ्हस्वदीर्घाने क्वचितच अर्थ बदलत असल्यामुळे त्याच्या जिभेवर सहज बसत नाही.

व्याकरणातही हीच कसोटी लावावी. मराठीतील ‘पर्यंत’ दोन कामे करते: ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत माल पाठवा’. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘टिल’ आणि दुसऱ्यासाठी ‘बाय’ लागतो, आणि दुसऱ्या वाक्यात ‘टिल’ घातला तर परदेशी व्यापारी शुक्रवारनंतर माल पाठवायचा नाही असे समजू शकतो. शंका विचारण्यासाठी आपण सर्रास ‘डाउट’ म्हणतो, आणि लंडनच्या बैठकीत तोच शब्द समोरच्याच्या सांगण्यावर अविश्वास दाखवल्यासारखा ऐकू जातो. संताप करणाऱ्यांच्या याद्यांत या दोन्ही गोष्टी बहुधा सापडत नाहीत, कारण त्यांवर हसता येत नाही. त्या समजावून द्याव्या लागतात, आणि इंग्रजीच्या तासिकेतील पहिली पंधरा मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवायला कोणत्याही शाळेला कोणाची परवानगी लागत नाही.