रद्दीत गेलेला पुरावा

मराठी ग्रंथालयांच्या इतिहासात मुसलमान कुठे आहेत, असा प्रश्न आम्ही परिसंवादांतून तावातावाने विचारतो. प्रश्न रास्त आहे. पण ज्या कागदांत त्याचे उत्तर सापडायचे, त्या कागदांचे आम्ही काय केले?

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे; 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. अशा संस्थांचा इतिहास लिहायला कपाटातली पुस्तके पुरत नाहीत. वर्गणी कोणी भरली, देणगी कोणी दिली, कार्यकारिणीत कोण होते, हे वार्षिक अहवाल, सभेच्या नोटिसा आणि चार पानी वार्तापत्रेच सांगतात. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याची साधी निमंत्रणपत्रिका आज आपल्यापैकी किती जणांच्या घरी निघेल?

सरकार जपेल, असे म्हणणारे आहेत. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. पण सभासदांपुरते सायक्लोस्टाइल केलेले पत्रक कोलकात्याला कोण धाडतो?

२६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण परिसरात घराघरांत पाणी शिरले. त्याला पावसाला बोल लावू. पण कोरड्या माळ्यावरचे गठ्ठे ईदच्या साफसफाईत गेले, त्याचा बोल कोणाला लावायचा?

कुराणशरीफचे जीर्ण पान आपण अदबीने दफन करतो. उर्दू कागदही पायाखाली येऊ देत नाही. हे संस्कार घरातलेच. मग आपल्याच मंडळाचे मराठी पत्रक वडापाव बांधायला कसे जाते? व्यासपीठावर मराठीला मायबोली म्हणायचे आणि घरी तिची अक्षरे किलोने विकायची, हा दुटप्पीपणा आहे. तो आम्हीही केला आहे.

उपाय खर्चिक नाही. गंजलेल्या टाचण्या काढा. पाने सपाट ठेवून सुती कापडात बांधा. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. वर साल आणि संस्थेचे नाव पेन्सिलीने लिहा. मोबाईलवर फोटो काढा, पण मूळ कागद फेकू नका. एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला द्या आणि पोच घ्या.

अब्बांची जुनी ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. आपण इथे होतो, वाचत होतो, वर्गणी भरत होतो, याची साक्ष तिच्या तळाशी असेल.