फौजेत गेला, तरी 'माजी सैनिक' नाही? पेन्शनपासून दवाखान्यापर्यंत सगळं ज्या एका शिक्क्यावर अडतं, तो विषय काय आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पेपरातल्या एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. बातमी होती आपल्या खडकवासल्याची एनडीए आणि डेहराडूनची आयएमए अशा संस्थांमधल्या कॅडेट्सची. ट्रेनिंगमध्येच जायबंदी झाले, कायमचं अपंगत्व आलं आणि घरी पाठवले गेले, असे सुमारे ५०० जण १९८५ पासून आहेत, असं त्यात म्हटलं होतं. मदत म्हणून महिन्याला जास्तीत जास्त ४० हजारांच्या आसपास रक्कम मिळायची आणि औषधपाण्याचा खर्च त्यात भागत नव्हता.

मग लष्कराच्या दवाखान्यात का जात नव्हते? कारण अपघात झाला तेव्हा ते अजून अधिकारी झालेले नव्हते. कागदावर ती 'सेवा' नव्हतीच. सेवा नाही म्हणजे माजी सैनिक नाही आणि माजी सैनिक नाही म्हणजे दवाखान्याचं कार्डही नाही.

सैनिकांसाठी सरकार काय करतं, यावर सोशल मीडियावर भांडणं खूप होतात. पण खरा प्रश्न किती पैसे देतात हा नाहीच, कुणाला माजी सैनिक म्हणतात हा आहे. एकदा तो शिक्का बसला की कॅन्टीन मिळतं. महाराष्ट्रात सरकारी भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे (एमपीएससी करणाऱ्यांना हे सांगायला नको). घरपट्टीत माफी आहे. मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न यासाठीही मदत मिळते.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे पेन्शन. जवानाला त्यासाठी साधारण १५ वर्षं नोकरी लागते, अधिकाऱ्याला २०. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. एकदाच पैसे भरायचे, मग नवरा-बायको आणि अवलंबून असलेल्यांना पॉलिक्लिनिक आणि यादीतल्या खासगी हॉस्पिटलात उपचार. योजना चांगली आहे, पण सुरुवातीला ती पेन्शन घेणाऱ्यांपुरतीच होती.

आता गंमत बघा. दुसरं महायुद्ध संपलं १९४५ मध्ये. त्यात लढलेल्या आणि पेन्शन नसलेल्या सैनिकांना ईसीएचएसचं दार उघडलं २०१९ मध्ये. शॉर्ट सर्व्हिसवाले आणि १९६० च्या दशकात तातडीनं भरती केलेले अधिकारीही त्याच निर्णयात आत आले. सगळे मिळून ४० हजारांहून जास्त लोक होते. दीड लाख कोटींच्या घरातल्या खर्चापुढे हा आकडा काहीच नाही. तरी योजना सुरू झाल्यावर १६ वर्षं लागली.

दीड लाख कोटी कुठून आले? २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षण खात्याला ६.८१ लाख कोटी मिळाले. त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी फक्त पेन्शनचे आहेत. म्हणजे रुपयातले जवळपास चोवीस पैसे. त्याच वर्षी विमानं, जहाजं, तोफा वगैरेंसाठीची भांडवली तरतूद १.८० लाख कोटी आहे. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षं पेन्शन घेतो, त्यामुळे हा आकडा फुगणारच. वन रँक वन पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू झाली आणि दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला. पण २०१९ चा आढावा मिळायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. थकबाकी कधी, कशी द्यायची याचं वेळापत्रकही शेवटी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं आखून दिलं.

म्हणून सरकारच्या बाजूनं बघितलं तर खर्चाची चिंता खोटी नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा अधिकृत कारण 'तरुण फौज' हे दिलं गेलं. पेन्शनच्या बिलाचा त्याच्याशी संबंध नाही, हे मानायला मात्र मला जड जातं.

अग्निवीराला चार वर्षांनी सेवा निधी मिळतो, व्याजासकट सुमारे ११.७१ लाख, करमुक्त. त्यातले ५.०२ लाख त्याच्याच पगारातून कापलेले असतात आणि तेवढेच सरकार घालतं. जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. नियमांतच तसं लिहिलंय. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी १० टक्के आरक्षण जाहीर झालं, पण ती वेगळी भरती झाली. ज्याचा नंबर लागेल त्याला मिळेल.

पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२३ मध्ये दाखल झाल्या होत्या. चार वर्षं मोजली तर २०२६ च्या अखेरीपासून ही मुलं गावी परतू लागतात. साताऱ्याच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावात 'फौजेतून आला' याचा अर्थ पिढ्यानपिढ्या 'पेन्शन घेऊन आला' असाच होता. तिथे आता २२-२५ वर्षांचा पोरगा एका चेकसह परत येणार.

आणि परत आलाच नाही तर? बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये गेले. लष्करानं तेव्हा कुटुंबाला काय मिळणार ते जाहीर केलं. ४८ लाख विमा, ४४ लाख सानुग्रह अनुदान, उरलेल्या सेवाकाळाचा १३ लाखांहून जास्त पगार, युद्धजखमींच्या निधीतून ८ लाख, शिवाय सेवा निधी. बेरीज एक कोटीच्या वर जाते. 'काहीच मिळत नाही' असे जे मेसेज फिरतात ते चुकीचे आहेत.

फरक आहे तो पुढचा. नियमित जवान लढाईत गेला तर कुटुंबाला उदारीकृत कौटुंबिक पेन्शन लागते, शेवटच्या पगाराएवढी. महागाईबरोबर ती वाढते आणि तिच्यासोबत दवाखानाही येतो. अग्निवीराच्या आईवडलांना एकरकमी पैसे मिळतात आणि हिशोब संपतो. एक कोटी हा आकडा मोठा दिसतो, पण चाळिशीतल्या आईला त्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं काढायची असतात. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली होती की कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाइतकेच लाभ द्या.

मग शिक्का आहे पण पेन्शन नाही, अशा म्हाताऱ्या सैनिकाचं काय? त्याच्यासाठी एक मदत आहे. ६५ वर्षांवरच्या, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या बिनपेन्शन माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला महिन्याला ४ हजार मिळायचे, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ८ हजार करण्याचा निर्णय झाला. मुलांच्या शिक्षणाची मदत महिन्याला १ हजारावरून २ हजार आणि मुलीच्या लग्नाची ५० हजारांवरून १ लाख झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना हे दर आहेत. तुमच्या गावात असं कुणी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायला सांगा, अनेकांना हे माहीतच नसतं.

हे पैसे येतात सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून. ७ डिसेंबरला शर्टावर छोटा झेंडा टोचून आपण जे दहा-वीस रुपये देतो, तोच हा निधी. म्हणजे ज्याची पेन्शन बसत नाही त्याचा म्हातारपणीचा आधार बजेटवर नाही, वर्गणीवर उभा आहे.

खडकवासल्याच्या कॅडेट्सचं पुढे काय झालं? कोर्टानं दखल घेतल्यावर तीन आठवड्यांच्या आत, ऑगस्ट संपायच्या आधी सरकारनं त्यांना ईसीएचएसमध्ये घेतलं. अग्निवीरांचा प्रश्नही आता कोर्टात पोहोचलाय. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ताबारेषेवर गेलेले मुरली नाईक मूळ आंध्रचे, पण त्यांचं कुटुंब मुंबईत घाटकोपरला राहायचं. नियमित जवानाच्या कुटुंबासारखे लाभ मिळावेत, अशी याचिका त्यांच्या आईनं मुंबई हायकोर्टात केलीय.