जुन्या ट्रॉलीचे डगमगणारे चाक



उसाचा हंगाम जवळ आला की आपल्या बेळगाव भागात जुन्या ट्रॉल्यांची खरेदी-विक्री सुरू होते. नवी घेण्याची ऐपत नसलेला शेतकरी शेजारच्या गावची जुनी ट्रॉली आणतो, तिला रंगाचा एक हात देतो आणि समाधान मानतो. काही वर्षांपूर्वी मीही तेच केले. "टायर तेवढे जुने आहेत, बाकी काळजी नको," असे विकणाऱ्याने सांगितले होते. पहिल्याच खेपेस डावे चाक थरथरू लागले. पुतण्या उतरून पाहतो तो हब इतका तापलेला, की त्यावर हात ठेववेना. मागून तोडणीच्या बायका लेकरांना घेऊन पायी येत होत्या. ते चाक निखळले असते तर काय ओढवले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. म्हणूनच आजचे हे चार शब्द.

चाक डगमगण्याची कारणे अनेक असतात; परंतु प्रथम बेअरिंग पाहावे, कारण जिवाला धोका तेथे अधिक. हबमध्ये आत एक व बाहेर एक अशी निमुळत्या रोलरांची दोन बेअरिंगे बसविलेली असतात. ती झिजली की चाकातून घरघर ऐकू येते आणि वेग वाढेल तशी ती वाढते.

परीक्षा अशी करावी. रिकामी ट्रॉली सपाट जागी ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी व दुसऱ्या चाकास पुढून-मागून दगड लावावेत. मग जॅकने चाक उचलून आसाखाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. टायरखाली टॉमी घालून चाक वरखाली हलवावे आणि दुसऱ्याने हबकडे नीट पाहावे. आस स्थिर राहून हबच हलत असेल, तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे. आसासकट सारेच हलत असेल, तर दोष पाट्यांच्या यू-बोल्टचा समजावा. नंतर चाक हाताने फिरवून दुसरा हात पाट्यावर ठेवावा. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर हाताला लागलीच कळते.

हब उघडल्यावर ग्रीस काळे पडलेले किंवा पाणी शिरून पांढुरके झालेले दिसले, तर ऑइल सील गेले असे जाणावे. रॉकेलने धुऊन व वाळवून रोलर पाहावेत. त्यांवर खड्डे असतील किंवा तापून निळसर झाक आली असेल, तर ते बेअरिंग टाकूनच द्यावे. कोन नवा आणि कप जुना, अशी काटकसर करू नये. नवा कोन त्या खड्ड्यांवर फिरून लवकरच खराब होतो. सीलही नवे घालावे. नवे ग्रीस वरवर न फासता रोलरांच्या मधोमध दाबून भरावे. चाक फिरवीत नट आवळावा आणि ते जड फिरू लागले की पिनेच्या जवळच्या खाचेपर्यंत नट मागे घ्यावा. चाक मोकळे फिरावे, पण डुलू नये. स्प्लिट पिन दर वेळी नवीच घालावी. तिच्या जागी खिळा किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे अपघाताला आवतण देणे होय.

बेअरिंग चांगले असूनही ट्रॉली डोलत असेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात. दोन्ही टायरांतील हवा सारखी आहे काय? रिमजवळ खडू स्थिर धरून चाक फिरवावे. एकाच जागी खूण उमटली तर रिम वाकडी आहे. हुकाच्या पिनेपासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरीने माप घ्यावे. मापे सारखी नसतील तर आस तिरका बसला आहे. हुकाचे भोक व पिन झिजून सैल झाली असली, तरीही ट्रॉली डावी-उजवीकडे हेलकावते. शेवटची गोष्ट भरणीची. बैलगाडी उलाळ होऊ नये हे आपल्या वाडवडिलांना ठाऊकच होते. दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच आहे: ओझे आसाच्या मागे पडले की ती शेपूट हलवू लागते. म्हणून भार किंचित पुढे राहील असे रचावे.

दुरुस्तीनंतर थोडे अंतर जाऊन दोन्ही हब सावधपणे हाताने पाहावेत. ट्रॉलीला ब्रेक नसतील तर हब कोमट असणे ठीक. एकच फार तापला असेल तर काम पुन्हा उघडावे.

वाचकहो, माझ्या त्या ट्रॉलीची विक्री नवी बेअरिंगे बसवूनही मला पुढे करावी लागली. घेणाऱ्याला मी वाकलेली रिम स्वतः दाखविली व किंमत उतरविली. घरात थोडी कुरकुर झाली. पण दोष झाकून माल विकणे सातव्या आज्ञेविरुद्ध आहे, आणि त्या दोषाने कोणाचा जीव गेला तर पाचवी आज्ञाही आपल्याकडे जाब मागेल. संत योसेफाने आपल्या हातांनी सुतारकाम केले. त्याच्या हातची वस्तू घेणाऱ्याला फसवील, अशी कल्पना तरी आपल्याला करवते काय?

हंगामापूर्वी एक दुपार या कामासाठी काढा. रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येकाचे लेकरू कोणाच्या तरी घरी संध्याकाळी परत यायचे असते.