छायाचित्रातला मोर्चा आणि भिंतीवरचा मोर्चा

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून भरते, तेव्हा डहाणू-तलासरीचे पाडेच्या पाडे तेथे लोटतात. या भागातील वारली चित्रे आता शहरांतल्या दिवाणखान्यांत लटकतात. त्यांत तारपा नाच असतो, लग्नाचा चौक असतो, पेरणी असते. मोर्चा मात्र क्वचितच! हे आम्हाला खटकते. १९४५ साली वेठीविरुद्ध उठलेले वारली हेच. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण बळी पडले.

मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला गेला. सुमारे १८० किलोमीटर. वनजमिनीचा हक्क मागणारे आदिवासी त्यात मोठ्या संख्येने होते. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि शहरवाले हळहळले.

आता हे छायाचित्र वारली पद्धतीने काढायचे कसे? गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, तेवढाच. लाल बावटा लाल राहत नाही. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. पाय म्हणजे एक रेघ. जखम दाखवणार कुठे? तेव्हा नक्कल करून भागत नाही. पण छायाचित्राला एकच क्षण मिळतो, भिंतीला मात्र सारी वाट मिळते. नाशिक, कसारा घाट, दहावीच्या मुलांना परीक्षेला त्रास नको म्हणून ११ मार्चच्या रात्री चाललेली माणसे, आझाद मैदान, सगळे एकाच वेटोळ्यात बसते. चेहरा नसल्याने कुणा गरीब म्हातारीचे दुःख चव्हाट्यावरही येत नाही. चित्राखाली तारीख आणि छायाचित्रकाराचे नाव मात्र हवेच, असे आमचे मत आहे.

मुंबईचे चित्रकार विक्रांत भिसे यांनी आंबेडकरी चळवळ कॅनव्हासवर आणली आहे. आपल्या घरांत लाँग मार्च हा शब्द तसा जुनाच. नामांतरासाठी ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून तेव्हाच्या औरंगाबादकडे माणसे पायी निघाली होती. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्या दिवसांची कात्रणे काही ट्रंकांत अजून असतील, पिवळी पडलेली. घरात चित्र काढणारी मुलगी असेल तर तिला कात्रण देऊन चाललेल्या आजोबांजवळ बसवा. चौकटीबाहेर कोण होते, पाणी कुणी पाजले, भाकरी कुठल्या गावाने दिली, हे आधी विचारू द्या. मग हातात कुंचला.