शून्याची तीन दरपत्रके

वसईतल्या माणिकपूर आणि आसपासच्या वाचनालयांनी मिळून एकच सर्व्हर घ्यायचा, सर्वांची तालिका त्यावर ठेवायची, या योजनेचे घोडे पुन्हा पेंड खाते आहे. सर्व्हर विंडोजचा की लिनक्सचा, यावर कार्यकारी मंडळांत चर्चा झडताहेत. वास्तविक ग्रंथालयांसाठीचे कोहा हे सॉफ्टवेअर निवडले तेव्हाच हा प्रश्न मिटला. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय न्यासासाठी १९९९ साली लिहायला घेतलेली ही प्रणाली आज डेबियन-उबुंटूवर चालते. विंडोज सर्व्हरवर ती बसत नाही. तरी ‘विंडोजवरचे कोहा कुठे मिळेल?’ अशी पत्रे येतच आहेत. अहो, देवघेवीच्या टेबलावर विंडोजच राहू द्या की! तिथे फक्त ब्राउझर लागतो.

खरे अडले आहे ते मंजुरीत. एका कार्यालयाने प्रस्ताव परत पाठवला. शेरा : ‘सॉफ्टवेअरची तीन दरपत्रके जोडलेली नाहीत.’ कार्यवाहांनी कळवले, प्रणाली मुक्तस्रोत आहे, परवाना शुल्क नाही. त्यावर उत्तर आले : किंमत शून्य असल्यास शून्याची तीन दरपत्रके जोडावीत. म्हणजे तुलनात्मक तक्ता करून त्यातले सर्वांत कमी शून्य मंजूर करायचे! उलट विंडोज सर्व्हर, वर प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा यंत्रामागे वेगळा परवाना, असा प्रस्ताव ठेवा. विक्रेता तिन्ही दरपत्रके स्वतःच आणून देतो आणि फाइल सरळ पुढे सरकते. सरकारी खरेदीत मुक्तस्रोत पर्यायाचा विचार करा, वगळायचा तर कारण नोंदवा, असे केंद्राचे धोरण २०१५पासून आहे. ते आपल्याला थेट बंधनकारक नाही, मान्य. पण टिपणीत त्याचा हवाला द्यायला कोणी हात धरला आहे?

आता आपल्या मंडळींविषयी. लिनक्स फुकट म्हणून देखभालीची तरतूदच अंदाजपत्रकातून उडवणारे कार्यवाह आहेत. मग कुणाचा तरी भाचा येऊन सर्व्हर बसवून जातो, रूट पासवर्ड त्याच्या एकट्याच्या डोक्यात, आणि त्याला पुण्यात नोकरी लागली की तालिका बंद. देखभालीला पैसे मोजा, करार लेखी करा, पासवर्ड दोन संस्थांकडे मोहोरबंद ठेवा. जुलै २०१८च्या पुरात वसईची वीज किती काळ गेली होती, ते विसरलात का? तळमजल्यावर पाणी शिरले की विंडोज काय नि लिनक्स काय! यंत्र माडीवर ठेवा, बॅकअपची एक प्रत तालुक्याबाहेर.

आणि ज्यांच्या नोंदी अजून जुन्या फॉन्टांत अडकल्या आहेत, त्यांनी सर्व्हरची वाट पाहत बसू नये. युनिकोड रूपांतराला आजच हात घाला. आधी शंभर नोंदींचा नमुना काढून डोळ्यांखालून घाला. ‘तर्कतीर्थ’चे दोन्ही रफार जागेवर आहेत का, ते बघा. ते हलले असतील तर शोधात लेखक सापडायचा नाही. मार्चअखेर जवळ आली की कुणालाच वेळ नसतो, तेव्हा प्रस्ताव एकेकट्याने न पाठवता सर्व वाचनालयांच्या संयुक्त सहीने पाठवा, आणि सोबत देखभालीच्या कराराची तीन दरपत्रके जोडा. ती मात्र खुशाल मागा; त्या कामाला किंमत आहे.