मुलाखत दोन्ही बाजूंची

मागील रविवारी मिस्सा आटोपल्यावर खानापूर तालुक्यातील एका मावशींनी आम्हांस देवळाच्या पायरीवरच गाठले. त्यांचा मुलगा बेंगळुरूस संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा इंजिनियर आहे. "अकरा वर्षे नोकरी केलेल्या माणसाची पुन्हा परीक्षा कसली हो घेतात? आणि पुन्हा तसलीच नवी कंपनी!" मावशींच्या काळजीस कारण होते. तीन वर्षांपूर्वी तो अशाच एका स्टार्टअपमध्ये गेला, नवव्या महिन्यात पगार थांबला, आणि घरकर्जाचे हप्ते भरण्यासाठी मावशींना आपल्या बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या.

स्टार्टअप म्हणजे नव्याने उभी राहिलेली कंपनी. ती बहुधा स्वतःच्या कमाईवर नव्हे, तर गुंतवणूकदारांच्या पैशांवर चालत असते. तेथे वरिष्ठ इंजिनियर नेमावयाचा झाला, तर मुलाखतीच्या तीन-चार फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत समोर बसवून प्रोग्राम लिहावयास लावतात. दुसरी फेरी मोठ्या रचनेची. उदाहरणार्थ, विचारतात: "एकाने दुसऱ्यास पैसे पाठविले आणि मध्येच जोडणी तुटली. त्याने पुन्हा बटन दाबले, तर पैसे दोनदा जाणार नाहीत अशी व्यवस्था कशी कराल?" जाणता इंजिनियर सांगतो की, प्रत्येक व्यवहारास एक वेगळा क्रमांक द्यावा, तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे पुन्हा न हलविता पहिलेच उत्तर परत द्यावे. येथे पाठांतर उपयोगी पडत नाही. शेवटच्या फेरीत, "तुमच्या हातून घडलेली एखादी चूक सांगा," असे विचारतात. जो सारा दोष सोबत्यांवर ढकलतो, त्याच्या हाती नवशिकी मुले सोपविण्यास कोण धजेल?

येथवर कंपनी विचारते व उमेदवार उत्तर देतो. परंतु अखेरीस, "तुम्हांस काही विचारावयाचे आहे काय?" असा प्रश्न येतो, आणि आपली मुले संकोचाने "नाही, सर" म्हणून उठतात. मावशींचा मुलगाही त्या वेळी असाच उठला होता. वडीलधाऱ्यांपुढे मान लवविण्याची सवय घरी शोभते. परंतु संसाराचा भार ज्याच्या शिरावर आहे, त्याने येथे गप्प बसणे योग्य नव्हे.

काय विचारावे? पहिले, हाती असलेला पैसा आणखी किती महिने पुरेल? दुसरे, या जागेवर पूर्वी कोणी होता काय, व तो का गेला? तिसरे, भविष्य निर्वाह निधी कापला जातो काय? ज्या आस्थापनेत २० हून कमी माणसे आहेत, तिला तो कायदा सामान्यतः बंधनकारक नसतो. चौथे, शेअरविषयी. पगार थोडा कमी देऊन "१०,००० शेअर देऊ" असे म्हणतात. पण कंपनीचे एकूण शेअर किती? १० लाख असतील तर तो शंभरावा हिस्सा झाला. १० कोटी असतील तर दहा हजारावा. शिवाय २०१४ च्या नियमांप्रमाणे असा हक्क देऊ केल्यापासून निदान १ वर्ष तरी पक्का होत नाही, आणि पुष्कळ कंपन्या तो ४ वर्षांत थोडाथोडा पक्का करतात. बाजारात न विकता येणाऱ्या शेअरने बँकेचा हप्ता भरता येत नाही, हे विसरू नये.

नकार आला तर? ब्रायन ॲक्टन या अनुभवी अमेरिकन इंजिनियरास २००९ साली ट्विटर व फेसबुक या दोन्ही कंपन्यांनी नाकारले. पुढे तो व्हॉट्सॲपच्या उभारणीत सामील झाला, आणि २०१४ साली फेसबुकनेच व्हॉट्सॲप सुमारे १,९०० कोटी डॉलरांस घेण्याचा करार केला. असे भाग्य प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. परंतु एका दिवसाच्या मुलाखतीवरून माणसाची पारख पुरती होत नाही, एवढे यावरून खास दिसते. म्हणून नकार घेऊन आलेल्या मुलास घरच्यांनी "का नाही घेतले?" असे दहादा विचारू नये. त्यास आधी जेवू घालावे.

आम्ही मावशींच्या मुलास दूरध्वनीवर हे चारही प्रश्न सांगितले. गुरुवारी त्याने ते विचारले. मालकाने न रागावता सांगितले की, पैसा चौदा महिने पुरेल. पुढचे निश्चित नाही. आता कामावर रुजू होण्यापूर्वी सहा महिन्यांचे हप्ते बाजूस ठेवावयाचे, असे मायलेकांनी ठरविले आहे. मावशींची काळजी पुरती गेली असे नाही. मात्र या वेळी सारा हिशोब त्यांच्यासमोर मांडलेला आहे, आणि बांगड्या हातातच आहेत.