अधांतरीं बंद पडलेलें इंजिन

आमच्या धाकट्या नातीनें विमान चालविण्याचें शिक्षण घेण्याचा निश्चय बोलून दाखविला, तेव्हां माजघरांतून पहिला प्रश्न आला तो असा : "आणि वर गेल्यावर इंजिन बंद पडलें तर?" प्रश्न मार्मिक होता. मुलीनेंही तो हंसण्यावारी नेला नाहीं. तिनें जें समजावून सांगितलें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

इंजिन थांबतांच विमान दगडासारखें कोसळतें ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. विमानास तोलून धरतात ते पंख. इंजिन त्यास केवळ पुढें ओढतें. सेसना १७२ हें चार आसनी विमान घ्या. इंजिन मुकें झालें तरी एक फूट खालीं येतांना तें सुमारें नऊ फूट पुढें सरकतें. म्हणजे तीन हजार फुटांवरून आठ किलोमीटरांचा पल्ला आणि चार मिनिटांचा अवधि. अट एकच, कीं वेग ६५ नॉटच्या, म्हणजे ताशीं १२० किलोमीटरांच्या, आसपास राखला पाहिजे. इंजिनाच्या नादांत विमानाचें नाक वर राहिलें आणि वेग मंदावला, तर पंखांचा आधारच सुटतो. म्हणून पहिलें काम वेग सांभाळणें, दुसरें उतरण्याजोगी जागा हेरून तिकडे वळणें. इंजिनाची विचारपूस त्यानंतर.

ती विचारपूस मात्र फार वेळ घेत नाहीं. इंजिन बंद पडलें तरी समोरच्या वाऱ्यानें प्रोपेलर बहुधा फिरतच राहतो, आणि ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोंस बॅटरीची गरज नसते. तेव्हां इंजिनास जें मिळेनासें झालें तें परत द्यावयाचें, इतकेंच. पेट्रोलची कळ 'दोन्ही टाक्या' या खुणेवर, मिश्रण दाट, दोन्ही मॅग्नेटो चालू. एक टाकी रिकामी होऊन दुसरी भरलेली असतांना विमानें खालीं आलेलीं आहेत. दोष यंत्राचा नव्हे, विसराळूपणाचा!

जुन्या सेसना विमानांत कार्बुरेटर असे, आणि तेथील घोटाळा मोठा मौजेचा आहे. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें पेट्रोलची वाफ होतांना कार्बुरेटर थंड पडतो. हवा दमट असली तर बाहेर २० अंश सेल्सिअस उष्णता असतांही आंत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उपाय म्हणजे इंजिनाच्या धुराड्याभोंवती तापलेली हवा आंत सोडणें. तें धुराडें निवण्यापूर्वीं कळ ओढली पाहिजे. गंमत अशी, कीं बर्फ वितळून पाणी आंत गेलें कीं इंजिन क्षणभर अधिकच ठसकतें. नवशिका घाबरून कळ परत ढकलतो, आणि होऊं घातलेला उपाय स्वतःच मोडतो.

प्रोपेलर अजिबात थांबलाच, तर मोटारीप्रमाणें किल्ली फिरवून स्टार्टर लावतां येतो. दुसऱ्या महायुद्धांत ज्यावर वैमानिक शिकत त्या टायगर मॉथला ही सोय नव्हती. जमिनीवर माणूस हातानें प्रोपेलर फिरवी. आकाशांत तो थांबला तर विमान तीव्र उतारानें खालीं सोडून वाऱ्याच्या जोरावर फिरवावा लागे, आणि त्यांत उंची भराभर खर्च होई.

खरी परीक्षा येथेंच आहे. एक प्रयत्न फसला, दुसरा फसला; तिसऱ्याचा मोह सोडावयाचा केव्हां? हेरलेल्या शेताच्या माथ्यावर आलें, कीं इंजिनाचा नाद सोडून उतरण्याकडेच सारें लक्ष द्यावें, असें मुलीनें सांगितलें. मग उलटा क्रम : पेट्रोल बंद, मॅग्नेटो बंद, आणि जमीन लागण्यापूर्वीं दारें किंचित् उघडीं.

"दारें उघडीं कशाला ग?" पुन्हा माजघरांतून.

"सांगाडा वांकला तर तीं अडकूं नयेत, आजी."

त्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. नंतर पोह्यांची बशी बाहेर आली, आणि अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाचा याची चौकशी सुरू झाली.